नागपूरकडे वळणारी सुई

जुनी वस्तू विकणाऱ्याला ताजणे भाऊ किंमत सगळ्यात शेवटी विचारत. आधी विचारत, "काऊन विकून राह्यला?" आणि खाली बसत. ज्याचं उत्तर तयार असे, त्याची वस्तू ते घेत नसत. "याले माहीत होतं मी इचारीन म्हणून," एवढं म्हणून उठत. अडखळणारा, इकडेतिकडे बघणारा, 'तसा चांगला आहे, पण...' असं म्हणणारा विक्रेता त्यांना आवडे. त्या 'पण'च्या पुढचं ऐकायला ते कितीही वेळ थांबत.

आम्ही जे विकत घेत होतो ते विमानात बसवायचं होतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर थांबत असे.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकातली. आलापल्लीच्या पुढे जंगलात आमचा दवाखाना होता. डॉ. नलिनी तो चालवत. औषधं, डिझेल, माणसं आणि परवाने ही माझी खाती. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद. सापाचं इंजेक्शन संपलं तर चंद्रपूरहून येईपर्यंत रोगी राहत नसे. नलिनीताईंचे यजमान अरविंद इंजिनीअर होते, मूळचे नाशिकचे, आणि नागपुरात विमान चालवायला शिकलेले. एका देणगीदाराने दवाखान्याला दोन जागांचं छोटं विमान दिलं. कापडी पंख, मागे फटफटीसारखं इंजिन, चाकं सायकलीपेक्षा जरा जाड. गावकऱ्यांनी मुरूम टाकून धावपट्टी केली. मी परवाने आणले.

विमानात वेग दाखवणारा काटा आणि होकायंत्र होतं, आणखी काही नाही. जमिनीशी बोलायला वायरलेस सेट नाही, ढगात दिशा सांगणारं काही नाही. चंद्रपूर ते दवाखाना, खाली नुसतं जंगल. वाट चुकली तर पेट्रोल संपेपर्यंत फिरायचं आणि सागाच्या शेंड्यांवर उतरायचं. नवी यंत्रं आमच्या आवाक्याबाहेर होती. जुनी निवडणार कोण, हा प्रश्न होता. जो निवडेल त्याच्या भरवशावर अरविंद उडणार होते.

ताजणे भाऊ राजुऱ्याचे. कोळसा खाणीच्या वायरलेस खोलीत त्यांची नोकरी झाली होती. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, सफारी शर्टाच्या खिशात खर्ऱ्याची पुडी. खर्रा तोंडात असला की ते बोलत नसत आणि तो बहुतेक वेळा असेच. त्यामुळे नव्या माणसाला ते फार विचारी वाटत. प्रत्यक्षात तंबाखू संपायची वाट बघत असत. बोलायला लागले की भांडत. जेवणावरून, पंख्याच्या वेगावरून, अरविंदांच्या इस्त्रीच्या पँटवरून. नलिनीताईंना 'डॉक्टरबाई' आणि मला नुसतं 'बाई' म्हणत. आमच्याकडे राहायला आले ते ट्रंक, ट्रान्झिस्टर आणि राजदूत गाडी घेऊन.

सेट हातात आला की ते मागचं झाकण काढून नाक आत घालत. जळकं वार्निश, उंदराचं मूत, पुराचा गाळ, हे त्यांना वासावरून कळे. बल्लारशाच्या स्टेशनबाहेर हैदराबादच्या एका व्यापाऱ्याने चकचकीत सेट दाखवला. ताजणे भाऊंनी वास घेतला आणि तो माझ्या नाकापुढे धरला.

"सांगा बाई, काय वास येते?"

"काहीच नाही."

"तेच तर. जुन्या वस्तूले वास नाई, म्हणजे यानं आंघोळ घालून आणली. काऊन घातली?"

व्यापारी म्हणाला, "साहब, सफाई भी गुनाह है क्या?"

"तुमची नाई. याची आहे," असं म्हणून त्यांनी सेट परत त्याच्या पिशवीत ठेवला, आणि नीट ठेवला. दुसऱ्याची वस्तू ते कधी आपटत नसत.

वास पास झाला की राजदूत. हे त्यांचं स्वतःचं तंत्र. आमच्या विमानाचं इंजिन राजदूतच्याच जातीचं होतं आणि अशा इंजिनाची ठिणगी रेडिओत शिरते. जमिनीवर स्वच्छ बोलणारा सेट हवेत नुसता टरटर करतो. म्हणून ताजणे भाऊ सेट गाडीच्या टाकीवर दोरीने बांधत, बॅटरी थैलीत, कानाला हेडफोन, आणि आलापल्लीच्या रस्त्यावर गाडी पळवत. दवाखान्यात जमिनीसाठी आधीच घेतलेल्या दुसऱ्या सेटवर मी. मला सतत बोलायचं असे. काय बोलायचं हे त्यांनी ठरवून दिलं नव्हतं, म्हणून मी औषधांच्या कपाटात काय काय आहे ते सांगत जाई. परत आल्यावर ते विचारत, "टिंचर आयोडीन किती म्हणाल्या?" मी म्हटलं तेच त्यांना ऐकू आलं असेल तर सेट चांगला. रस्त्यावरचे लोक बघत. फटफटीवर रेडिओ बांधून एक म्हातारा आयोडीन, आयोडीन ओरडत चालला आहे, ही बातमी पोलीस ठाण्यापर्यंत गेली. एक फौजदार चौकशीला आले.

"हे कोणाशी बोलतं?"

"विमानाशी," ताजणे भाऊ म्हणाले.

"आणि दुसऱ्या कोणाशी?"

"बाईशी. तिच्यापासून आपल्याले धोका नाई."

फौजदारांनी परवाने पाहिले, चहा घेतला आणि गेले. त्या भागात रेडिओ ठेवणं म्हणजे पोलीस आणि नक्षलवादी, दोन्ही बाजूंच्या नजरेत येणं होतं. फौजदार गेल्यावर ताजणे भाऊंनी खर्रा घोटताना पुडी दोनदा खाली पाडली, हे मी पाहिलं.

असे चार-पाच सेट नापास झाल्यावर एक मिळाला. नागपूरच्या एका म्हाताऱ्या वैमानिकाचा. 'काऊन विकून राह्यले' याला तो म्हणाला, "मुलगी म्हणते आता उडायचं नाही," आणि तोंड फिरवलं. तो सेट ताजणे भाऊंनी राजदूतवर न बांधताच घेतला असता. तरी बांधला. टिंचर आयोडीन बरोबर निघालं. ठिणगी अडवायला विमानाच्या प्लगच्या वायरीवर त्यांनी तारेच्या जाळीची नळी चढवली आणि जमिनीवरच्या सेटची एरियल पाण्याच्या टाकीवर बांधायला लावली. खालून स्वतः ओरडत राहिले, "अजून वर, अजून वर."

दिशेच्या यंत्रावरून मात्र त्यांचं आणि अरविंदांचं कडाक्याचं वाजलं. अरविंदांना जीपीएस हवं होतं. तेव्हा ते नवीनच होतं. मुंबईच्या एका बोटीवाल्याकडून एक जुनं त्यांनी बघायला आणलं. ताजणे भाऊंनी ते धावपट्टीवर लावलं, झाडाखाली लावलं, उन्हात ठेवलं, पुन्हा लावलं. गरम झालं की पडदा काळा पडे. बंद करून चालू केलं की जागा सापडायला इतका वेळ घेई की चहा पिऊन यावं.

"हवेत ते तापणार नाही," अरविंद म्हणाले.

"आणि तापलं तर?"

"ताजणे भाऊ, तुमचा विरोध यंत्राला आहे की नव्या यंत्राला?"

"माझा इरोध वर जाऊन झोपणाऱ्याले आहे. मंग ते यंत्र असो का माणूस."

नलिनीताई जेवताना म्हणाल्या, "जे ठरेल ते ठरवा. पण दोघांनी मिळून ठरवा. मला तुमच्यापैकी एकावर विसंबून राहायचं नाही." त्या एवढंच म्हणाल्या आणि वॉर्डात गेल्या. अरविंदांनी ते यंत्र खोक्यात भरलं. जीपीएस परत गेलं.

त्याच्या जागी ताजणे भाऊंनी आणली ती सुई. एका मोडीत निघालेल्या फवारणीच्या विमानातलं यंत्र होतं. ते साध्या रेडिओ केंद्राला लावायचं, म्हणजे त्यातली सुई त्या केंद्राकडे वळते. नागपूर केंद्र लावलं की सुई नागपूर दाखवते. अरविंदांना हे ठाऊक होतं, पण जुनाट म्हणून त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. मला ठाऊक नव्हतं. ताजणे भाऊंनी अंगणात आपला ट्रान्झिस्टर घेतला, शेतीचा कार्यक्रम लावला आणि तो हातात धरून हळूहळू गोल फिरले. एका जागी निवेदकाचा आवाज बारीक झाला, अगदी मेला.

"या रेडिओच्या पोटात कांडी असते. कांडीचं टोक नागपूरकडं झालं का आवाज मरते. सुई हेच करते, फक्त तिले हात लागत नाईत."

वजन कमी व्हावं म्हणून त्यांनी यंत्राचं लोखंडी खोकं काढून पातळ पत्र्याचं केलं. मग सुईची परीक्षा सुरू झाली. रोज सकाळी आणि संध्याकाळी, धावपट्टीवर, विमान गोल फिरवून. दुपारी नाही, कारण दुपारी बॅटरी भरायला वीज नसे आणि ताजणे भाऊ झोपत. सुई कधी चुकली नाही. चंद्रपूरला जाताना ती नाकाच्या थोडी उजवीकडे ठेवायची, येताना शेपटीच्या थोडी डावीकडे. अरविंद चारदा सकाळीच जाऊन आले. एकदा ढगातून आले आणि बरोबर धावपट्टीवर उतरले. त्या दिवशी त्यांनी ताजणे भाऊंना स्वतः खर्रा आणून दिला.

एक नियम ताजणे भाऊंनी घालून दिला होता. आमच्या जवळचे सूरजागडचे डोंगर लोखंडाचे. तिथल्या खडकावर होकायंत्र ठेवलं तर काटा वेड्यासारखा फिरतो, हे त्यांनी स्वतः जाऊन पाहिलं होतं. म्हणून, "होकायंत्राचं आणि सुईचं भांडण झालं तर सुईचं आयका." हे त्यांनी अरविंदांकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं की स्वयंपाकघरातही लोक ते बोलत. डाळीत मीठ किती यावर वाद झाला की कुणीतरी म्हणे, सुईचं आयका.

त्या पावसाळ्यात आष्टीच्या अलीकडचा रस्ता वाहून गेला. वॉर्डात मण्यार चावलेली एक मुलगी होती आणि इंजेक्शनच्या शेवटच्या बाटल्या तिला लागल्या होत्या. आणखी लागणार होत्या. अरविंद सकाळी निघाले, चंद्रपूरला पोचले, औषध ताब्यात घ्यायला उशीर झाला. परत निघाले तेव्हा दुपार कलली होती. उघडीप होती, पण राजुऱ्याच्या बाजूला काळं धरलं होतं.

जमिनीवरचा सेट पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत होता. ताजणे भाऊ त्या दिवशी झोपले नव्हते. मी दारात उभी होते. अरविंदांचा आवाज आला, इंजिनाची टरटर मागे, पण शब्द स्वच्छ.

"खाली ढग आहेत. जमीन तुकड्यातुकड्यांनी दिसते. होकायंत्र आणि सुईत फरक पडला. होकायंत्र म्हणतं मी ईशान्येला चाललोय, दवाखाना तर आग्नेयेला. सुई म्हणते बरोबर आहे."

"डोंगर जवळ आले असतीन," ताजणे भाऊ म्हणाले. "सुईचं आयका."

"सुईचंच ऐकतोय."

मी घड्याळाकडे बघितलं नाही, तरी त्या वेळी विमान दिसायला हवं होतं हे मला कळत होतं. नलिनीताई वॉर्डातून एकदा येऊन गेल्या. मुलीचा श्वास अडायला लागला होता आणि त्यांच्या हातात हवा भरायची पिशवी होती, ती कुणाला तरी देऊन आल्या होत्या.

ताजणे भाऊंनी सुईची खात्री करावी म्हणून आपला ट्रान्झिस्टर लावला. नुसती खरखर. त्यांनी बटण फिरवलं, पुन्हा जागेवर आणलं. खरखर. आणि मधूनच खाड, खाड.

दुपार कलली की नागपूर केंद्र बंद असतं. सकाळची सभा, दुपारची सभा, मग संध्याकाळपर्यंत काही नाही. विदर्भात ज्याच्या घरी रेडिओ आहे त्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. ताजणे भाऊंनाही जन्मभर ठाऊक होतं. पण ज्या वेळी ते झोपत, त्या वेळी नागपूरही झोपत होतं, आणि सुईची परीक्षा आम्ही त्या वेळी एकदाही घेतली नव्हती.

त्यांनी खर्रा थुंकला. तोही खोलीतच. ट्रान्झिस्टर दोन्ही हातांत धरून ते उभ्याउभ्या फिरले. खाड, खाड, खाड, आणि एका दिशेला आवाज बारीक झाला. ते पश्चिमेकडे तोंड करून उभे होते, राजुऱ्याकडे. तिथे वीज चमकत होती, आणि प्रत्येक चमकेला खाड.

"सुई वादळाकडं पाहून राह्यली," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे. "अन् हा वादळ शेपटीमागं ठेवून पळून राह्यला."

म्हणजे अरविंद खरोखरच ईशान्येला चालले होते. धानोऱ्याकडे, जिथे जंगल संपत नाही. होकायंत्र खरं बोलत होतं.

ताजणे भाऊंनी माइक हातात घेतला. काय सांगायचं ते त्यांनी आधी मनाशी एकदा म्हटलं, ओठ हलताना दिसले. मग एकेक शब्द सुटा बोलले.

"अरविंदभाऊ. सुई सोडा. सुई खोटी आहे. नागपूर बंद आहे. होकायंत्राचं आयका."

बराच वेळ टरटर. मग, "पुन्हा सांगा."

"सुई खोटी आहे. मी चुकलो. पश्चिमेले वळा. वैनगंगा लागीन."

"पश्चिमेला काळं आहे."

"काळं नदीच्या पलीकडं आहे. नदी आधी लागीन. नदी लागली का वाहत्या पाण्यासंगं खाली या. आष्टीचा पूल दिसला का डाव्या हाताले रस्ता. पेट्रोल किती?"

उत्तर आलं ते तुटकं होतं. 'पाव' एवढं मला ऐकू आलं. ताजणे भाऊंना जास्त ऐकू आलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले.

"ताजणे भाऊ," अरविंदांचा आवाज पुन्हा स्वच्छ झाला. "काळं जवळ आहे. नक्की वळू?"

मी अनेक माणसांना निर्णय घेताना पाहिलं आहे. बहुतेक जण कुणाकडे तरी बघतात. ताजणे भाऊंनी भिंतीकडे बघितलं.

"वळा," ते म्हणाले.

नंतर सेटवर काही आलं नाही. विमान ढगाखाली उतरलं की आवाज पोचत नाही, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं, म्हणून तसंच झालं असेल असं मी म्हणाले. वारा सुटला. पत्रे वाजायला लागले. ते धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. शर्टाचं टोक उडत होतं, चष्म्यावर धूळ बसत होती आणि ते पुसत नव्हते. मी पोरांना धावपट्टीवरच्या गायी हाकायला लावलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

इंजिन आधी ऐकू आलं. रस्त्याच्या बाजूने, झाडांना टेकेल इतक्या खालून. विमान वाऱ्याने एका अंगावर झालं, सरळ झालं, मुरमावर दोनदा उडालं आणि थांबलं. औषधाची पेटी मी घेतली आणि वॉर्डाकडे धावले, त्यामुळे ताजणे भाऊ आणि अरविंद एकमेकांना काय म्हणाले ते मला ठाऊक नाही. मुलगी वाचली.

चार दिवसांनी, मुलगी उठून बसायला लागल्यावर, नलिनीताईंनी जेवताना विचारलं, "ताजणे भाऊ, तुम्ही या विमानात कधी बसला आहात?"

"नाई."

"का?"

"भेव वाटते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली आणि भात वाढला. अरविंद म्हणाले, "नियम मीही मान्य केला होता. दुपारी केंद्र बंद असतं हे मलाही माहीत होतं." ताजणे भाऊ म्हणाले, "तुम्ही वर होते. मी खाली होतो."

त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चंद्रपूरला ठरलं होतं. रस्ता तोवर दुरुस्त झाला होता, बस सुरू होती. मी तिकिटाची सोय करते म्हटलं तर म्हणाले, "बसनं नाई जात. अरविंदभाऊ नेऊन सोडते." आणि वेळ मागितली ती दुपारची. नागपूर बंद असण्याची. आकाश निरभ्र होतं, पण दूर कुठेतरी ढग होते. त्यांना सुई काय करते ते वर बसून बघायचं होतं. होकायंत्र डोंगराच्या वरून जाताना किती फिरतं तेही बघायचं होतं, कारण खडकावर ठेवून पाहिलेलं त्यांनी हवेलाही लागू केलं होतं आणि तेही आता त्यांना खरं वाटत नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. नंतर ते राजुऱ्याला घरी गेले आणि दिवाळीच्या आत हृदयविकाराने गेले. निरोप आला तेव्हा आमच्याकडे डेंग्यूची साथ होती, जायला जमलं नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी.

नलिनीताईंनी त्यांचा पट्टा बांधला. हेल्मेट मोठं होत होतं, ते चष्म्यावर आलं. ताजणे भाऊ पुतळ्यासारखे बसले होते, दोन्ही हात समोरच्या नळीवर, बोटं पांढरी. अरविंदांनी काहीतरी विचारलं, त्यांनी मानेनेच हो म्हटलं. विमान धावलं, उठलं, सागाच्या वर गेलं. मी खोलीत जाऊन माइक घेतला. ते काम त्या दिवशी माझ्याकडे होतं.

"ताजणे भाऊ, ऐकू येतं का?"

टरटर.

"सुई कुठे आहे?"

टरटर. मी पुन्हा विचारलं. दारातून मला विमान दिसत होतं, वळण घेऊन डोंगरांच्या दिशेने निघालेलं. मागच्या जागेवर पांढरं हेल्मेट, अजिबात न हलणारं.

"भाऊ, सुई कुठे आहे?"

"थांबा बाई," आवाज आला, बारीक, पण शब्द सुटा. "डोळे उघडून राह्यलो."